पुनश्च मारिओ

दुसऱ्या भागाविषयी माझ्या मनात पहिल्यापासून थोडी अढी आहे. पहिला भाग करणाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं; दुसरा भाग करणाऱ्याला बहुधा काहीतरी फेडायचं असतं, आणि ते घराचं कर्ज असतं. त्याच पत्तीत पुन्हा पाणी घालून केलेला चहा, सकाळच्या भज्यांना दुपारी तव्यावर दिलेली ऊब, आणि निरोप घेऊन, चपला घालून झाल्यावर पाहुण्यांनी दारात उभं राहून काढलेला नवा विषय, हे सगळे दुसरेच भाग. यांतलं काहीही मूळच्या तोडीचं नसतं. अपवाद फक्त पुरणपोळीचा. तिथे दुसरी पहिलीपेक्षा बरी लागते, कारण पहिली खाताना आपलं लक्ष तुपाच्या भांड्याकडे असतं.

त्यातही उशिरा आलेल्या दुसऱ्या भागाची तर मला धास्तीच वाटते. आपल्याकडे जुनं नाटक वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा उभं राहतं तेव्हा जाहिरातीत 'नव्या संचात' असं छापतात. मी एकदा असा प्रयोग पाहिला. संच नवा होता, पण नायक मूळचाच ठेवला होता. पहिल्या अंकात तो "आई, कॉलेजला उशीर होतोय" असं म्हणाला आणि जिना उतरताना कठड्याला धरून उतरला. निम्मं प्रेक्षागृह काळजीने पुढे झुकलं. विनोदी नाटक होतं, पण मध्यंतरात लोक बटाटेवडे खाताना एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करत होते.

तेव्हा २०२३ च्या दिवाळीच्या तोंडावर आमचे चिरंजीव कंपनीच्या कामासाठी सिंगापूरला जाऊन आले आणि बॅग उघडता उघडता म्हणाले, "बाबा, मारिओचा नवीन गेम आणलाय," तेव्हा माझ्या कपाळावर पहिली आठी पडली ती त्या नायकाच्या आठवणीने.

माझ्या वयाच्या ज्या वाचकांना मारिओ म्हणजे गोव्याकडचा कुणी गृहस्थ वाटेल, त्यांच्यासाठी थोडा पूर्वेतिहास सांगायला हवा. मारिओ हा जपानमध्ये जन्मलेला इटालियन प्लंबर आहे. निंटेंडो या कंपनीच्या १९८१ सालच्या 'डाँकी काँग' या खेळात तो सुतार होता. पुढे १९८३ मध्ये तो प्लंबर झाला. धंदा बदलला, पण मिशी तीच राहिली. या मिशीचं कारण मोठं गमतीचं आहे. तेव्हाच्या यंत्रांत पडद्यावर माणूस काढायला जेमतेम मूठभर ठिपके मिळायचे. त्यात ओठ काढता येईनात, म्हणून मिशी आली. केस हलताना दाखवणं अवघड, म्हणून टोपी आली. एखाद्याचं व्यक्तिमत्त्व अडचणींतून घडतं म्हणतात ते असं. माझ्या स्वतःच्या टोपीमागचं कारणही केसांशीच निगडित आहे, पण ते ठिपक्यांच्या नव्हे, केसांच्या टंचाईचं.

मग १३ सप्टेंबर १९८५ रोजी 'सुपर मारिओ ब्रदर्स' आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका या जोडीने तो रचला. हा सगळा खेळ, त्याचे बत्तीस टप्पे, कासवं, किल्ले, राजकन्या आणि संगीत यांच्यासकट, अवघ्या ४० किलोबाइटांत बसवला होता. आमच्या भाच्याकडून रोज पहाटे मोबाइलवर 'शुभ सकाळ' म्हणणारं जे गुलाबाचं फूल येतं, ते एकटं याहून जड असतं. एवढ्याशा जागेत संसार करायचा म्हणजे काटकसर आलीच. त्या खेळातले ढग आणि झुडपं नीट पाहा. आकार एकच आहे. वर पांढरा रंग दिला की ढग, खाली हिरवा दिला की झुडूप. हे आमच्या सौभाग्यवतींना सांगितलं तेव्हा त्यांना जराही नवल वाटलं नाही. रात्रीची उरलेली भाजी सकाळी थालीपिठात घालण्याचा त्यांचा अनुभव जपान्यांहून जुना आहे.

आमच्या घरात मारिओ आला १९९४ साली. चिरंजीव चौथीच्या स्कॉलरशिपला पास झाले आणि त्यांनी बक्षीस म्हणून टीव्ही गेम मागितला. आम्ही तेव्हा डोंबिवलीला चाळीत राहत होतो. मी कचेरीतून येताना पदपथावरून एक खोकं घेऊन आलो. ते मूळ जपानी यंत्र नव्हतं, त्याचं लांबच्या नात्यातलं कुणीतरी होतं. सोबतच्या कॅसेटवर '९९,९९,९९९ खेळ' असं छापलं होतं. लावून पाहिल्यावर कळलं की खेळ चारच आहेत, आणि तेच वेगवेगळ्या क्रमांकांनी पुन्हा पुन्हा येतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी सरकारी कचेरीत होतो.

कॅसेट चालली नाही की ती काढून तिच्या खाचेत फुंकर मारायची, हे शास्त्र भारतभर कुणी पसरवलं कोण जाणे. आमच्या चाळीत फुंकर मारण्याचा मान मला होता. शेजारची पोरं कॅसेट घेऊन माझ्याकडे यायची, जशी तान्ह्या मुलाला दृष्ट लागली की बायका एखाद्या म्हातारीकडे जातात. खालच्या मजल्यावर भजनी मंडळाचे एक पेटीवाले राहत होते. कोजी कोंडो या संगीतकाराची त्या खेळातली चाल ऐकून ऐकून त्यांनाही पाठ झाली, आणि एका एकादशीला तिची सुरुवात त्यांच्या बोटांतून चुकून बाहेर पडली. मंडळी पुढच्या ओळीला उठून उडी मारतात की काय असं वाटलं.

खेळ मुलासाठी आणला होता, पण मूल रात्री नऊला झोपायचं. नऊनंतर मी आणि मारिओ. आवाज बंद करून, दिवा मालवून मी बसायचो. पलीकडून सौ. विचारायच्या, "अहो, ती राजकन्या सापडली का?" त्या प्रश्नात चौकशीपेक्षा संशय जास्त असायचा.

राजकन्या काही लवकर सापडत नसे. त्या खेळात एका किल्ल्याच्या शेवटी आपण धापा टाकत पोचलो की तिथे छत्रीसारख्या डोक्याचा एक छोटा कर्मचारी उभा असतो, आणि तो नम्रपणे सांगतो की बाईसाहेब इथे नाहीत, दुसऱ्या किल्ल्यात बघा. असे एक-दोन नव्हेत, सात किल्ले. पोरं यावर चिडायची. मला मात्र त्या कर्मचाऱ्याविषयी आपुलकी वाटे. दिवसभर मी स्वतः त्याच खुर्चीत बसून लोकांना "ते टेबल माझं नाही, वरच्या मजल्यावर विचारा" असं सांगत आलेलो असे.

त्या पहिल्या मारिओचे तीन कडक नियम होते. जीव तीनच. वर कोपऱ्यात घड्याळ, ते ४०० पासून उलटं मोजत जायचं, आणि त्यातले आकडे सेकंदांपेक्षा भरभर पळायचे. शंभर उरले की संगीतच घाईला यायचं, जसं आठ बावन्नची लोकल फलाटात शिरताना आपलं रक्त यायचं. आणि तिसरा नियम असा की पडदा फक्त उजवीकडे सरकायचा. एकदा डावीकडे गेलेलं परत मिळायचं नाही. सुटलेलं नाणं सुटलं. छत्तीसाव्या वर्षी मला हे तिन्ही नियम अगदी योग्य वाटत होते. माझं आयुष्यही त्याच नियमांनी चाललं होतं. जीव तेवढे दोन कमी होते.

पुढे मुलगा मोठा झाला, गेम माळ्यावर गेला. मारिओचे नवे नवे खेळ मात्र येतच राहिले. २००६ पासून २०१२ पर्यंत तर 'न्यू सुपर मारिओ' या नावाने एकसारखे चार आले. चारही नवे, आणि चारही एकमेकांसारखे. नवीन पनवेल जसं कितीही जुनं झालं तरी नवीनच राहतं, तसं. २०१२ नंतर ही आडवी धावण्याची मुख्य मालिका थांबली. पुढचा नवा कोरा खेळ आला तो अकरा वर्षांनी, २० ऑक्टोबर २०२३ रोजी. नाव 'सुपर मारिओ ब्रदर्स वंडर'. तोच आमच्या घरी बॅगेतून बाहेर पडला होता.

मधल्या काळात माझाही दुसरा भाग सुरू झाला होता. २०१६ साली मी निवृत्त झालो. ज्या दिवशी माणसाला वेळेची गरज संपते, नेमकं त्याच दिवशी त्याला भिंतीवरचं घड्याळ भेट देण्याची सरकारी कचेऱ्यांत प्रथा आहे. ते घेऊन आम्ही पुण्याला मुलाकडे राहायला आलो. दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे आपण अजून आहोत असं लिहून द्यायचं, एवढंच अधिकृत काम माझ्याकडे उरलं. आणि २०२२ च्या पावसाळ्यात छातीत एक कळ आली. डॉक्टरांनी स्टेंट टाकली, पंधरा दिवसांनी तपासलं आणि म्हणाले, "काका, आता बिनधास्त फिरा." हे वाक्य माझ्याखेरीज घरातल्या कुणालाही ऐकू आलं नाही.

तेव्हापासून मी काचेचा झालो. भाजीची पिशवी हाताला लागली की चिरंजीव "बाबा, राहू द्या" म्हणत ती काढून घेतात. स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढायचा नाही. एकट्याने दादरला जायचं नाही. घरात काही वाद सुरू झाला की मी आत आल्यावर सगळे एकदम हवापाण्यावर बोलू लागतात. सूनबाई तर पोळीवर तूप घालतानासुद्धा माझ्या छातीकडे बघतात. सगळे प्रेमानेच करतात, त्यामुळे भांडायलाही सोय नाही. रागावलो तर लगेच रक्तदाब मोजायचं यंत्र येतं.

अशा अवस्थेत दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी आमची दहा वर्षांची नात माझ्या हातात रिमोट देत म्हणाली, "आबा, चल खेळू. तू नॅबिट घे."

"नॅबिट कोण?"

"हा बघ, जांभळा. याला काहीच होत नाही. कासव लागलं तरी मरत नाही. बाबा म्हणाला, आबाला हाच दे."

नॅबिट हा एक जांभळा ससा आहे. तोंडाला रुमाल बांधलेला आणि पाठीवर पोतं असलेला चोर. २०१२ च्या खेळात मारिओ त्याचा पाठलाग करायचा. या खेळात त्याला आपल्यात घेतलं आहे. मुलांना आणि नवशिक्यांना सोपं जावं म्हणून त्याला शत्रूचा मार लागत नाही अशी सोय केलेली आहे. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या पाठीवर निदान पोतं तरी होतं. मला भाजीची पिशवीही उचलू देत नव्हते.

आम्ही सुरू केलं. नातीने पीच घेतली. पीच म्हणजे तीच ती राजकन्या, जिच्यासाठी मी डोंबिवलीत रात्री रात्री किल्ले पालथे घातले होते. ती आता स्वतःच माझ्यापुढे उड्या मारत चालली होती, आणि मागे वळून "आबा, ये लवकर" म्हणत होती. या खेळात तिला कुणी पळवतच नाही. बाऊजर नावाचा तो जुना खलनायक या वेळी एक जादूचं फूल पळवतो आणि स्वतःच किल्ला होऊन बसतो. माणूस म्हातारा झाला की घराशी एकरूप होतो म्हणतात, त्यातलाच प्रकार.

मी सवयीने वरच्या कोपऱ्यात पाहिलं. घड्याळ नव्हतं. दुसऱ्या कोपऱ्यात पाहिलं. तिथेही नव्हतं.

"अगं, वेळ किती आहे?"

"कसली वेळ?"

"संपायची."

"नाहीये तशी वेळ," नात म्हणाली. "पाहिजे तितका वेळ खेळ."

वाचकहो, हे वाक्य ऐकल्यावर मी रिमोट खाली ठेवला आणि चष्मा पुसला. ज्या घड्याळाने मला चार-दोन आकडे कमी पडून शेकडो वेळा मारलं होतं, ते या लोकांनी चक्क भिंतीवरून काढून टाकलं होतं. शिवाय पडदा डावीकडेही सरकत होता. मागे सुटलेलं नाणं परत जाऊन घेता येत होतं. निवृत्तीच्या वेळी मला हे दोन नियम बदलून दिले असते, तर ते भिंतीवरचं घड्याळ मी कचेरीलाच परत केलं असतं.

पुढे तर मौजच. एक चमकणारं फूल लागतं आणि सगळं जग वेडं होतं. जमिनीत ठाम रोवलेले हिरवे पाइप, ज्यांच्यावर विश्वासाने उडी मारायची माझी तीस वर्षांची सवय, ते एकाएकी अळ्यांसारखे वळवळत चालू लागले. पुढच्या एका टप्प्यात माणसं गिळणारी झाडं रांगेने बाहेर आली आणि गाऊ लागली. सौ. स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि उभ्यानेच बघत राहिल्या. एका ठिकाणी तर मारिओचाच गुंबा होतो. गुंबा म्हणजे ते डुगडुगत येणारे भूछत्रासारखे शत्रू, ज्यांना पायाखाली चिरडत आपण इतकी वर्षं पुढे गेलो. आता आपणच गुंबा, धड उडी मारता येत नाही, मोठ्या जनावरांना चुकवत लपतछपत जायचं. माझ्या डोळ्यांपुढे पेन्शनच्या खिडकीसमोरची रांग उभी राहिली. तिच्यात मी पूर्वी खिडकीच्या आतल्या बाजूला होतो.

हे सगळं करणारे लोक कोण, म्हणून मी रात्री चिरंजीवांना विचारलं. त्यांनी मोबाइलवर दाखवलं. दिग्दर्शकाचं नाव शिरो मोरी. नळाची कामं करणाऱ्या माणसाच्या खेळाला मोरी दिग्दर्शक लाभावेत, हा योग पाहून आनंद होणारा माणूस जगात मराठीच असणार. या मोरीसाहेबांच्या मंडळींना सुरुवातीच्या प्रयोगांच्या काळात मुदतीची अट नव्हती म्हणे. सगळ्यांनी कल्पना लिहून दिल्या, त्या दोन हजारांवर गेल्या. मुदतच नसताना आमच्या कचेरीत एवढे कागद साचले असते, पण त्यांतून गाणारी झाडं निघाली नसती.

आणि निर्माता? ताकाशी तेझुका. तेच ते, १९८५ च्या जोडीतले. तेव्हा त्यांचं वय चोवीस होतं. हा खेळ आला तेव्हा बासष्ट. अडतीस वर्षांनी तोच माणूस त्याच खेळाच्या नव्या भागापाशी बसला होता. आमच्या त्या नाटकातल्या नायकासारखा तो कॉलेजला निघाला नव्हता. उडी तेवढी त्याने जशीच्या तशी ठेवली होती. धावत येऊन बटण दाबलं की मारिओ त्याच जुन्या डौलाने वर जात होता, माझ्या अंगठ्याने त्याला लगेच ओळखलं. बाकीचं घर मात्र त्याने तरुण मंडळींच्या ताब्यात दिलं होतं. पंचवीसहून अधिक वर्षं मारिओचा आवाज काढणारे चार्ल्स मार्टिनेही या वेळी नव्हते. त्यांच्या जागी केव्हिन अफगाणी नावाचा तरुण होता. म्हणजे संच खराच नवा होता, आणि प्रयोग रंगला होता. पहिल्या दोन आठवड्यांतच ४३ लाख प्रती खपल्या, यावरून तिकिटं काढून आलेल्यांचंही मत तेच पडलं असावं.

मला त्रास होता तो फक्त नॅबिटचा. मार लागत नाही म्हणजे काय, हे दोन दिवसांत माझ्या लक्षात आलं. कासव येतं, अंगावरून जातं, काही होत नाही. आगीचा गोळा येतो, काही होत नाही. पोटात खड्डा पडत नाही, आणि कासव चुकवलं याचा आनंदही होत नाही. मी नातीच्या मागून शाहू महाराजांच्या मिरवणुकीतल्या मानकऱ्यासारखा नुसता चालत होतो. बरं, खड्ड्यात पडलं तर नॅबिटचाही जीव जातो. म्हणजे मार खाण्याची मजा नाही, आणि मरण काही चुकत नाही. आमच्या घरच्या व्यवस्थेशी हे फारच जुळत होतं.

खरा कळस हत्तीपाशी झाला. या खेळात एक फळ आहे. ते खाल्लं की मारिओचा हत्ती होतो. चांगला गुबगुबीत हत्ती, डोक्यावर तीच लाल टोपी, आणि सोंडेवर तीच मिशी. तो सोंडेने विटा फोडतो, सोंडेत पाणी भरून घेतो आणि सुकलेल्या फुलांवर शिंपडून ती फुलवतो. नातीच्या पीचचा हत्ती झाला तेव्हा सौ.नी नकळत हात जोडले. पुढे आणखी एक फळ निघालं. नात म्हणाली, "आबा, घे, हे तुझं." मी धावलो, उडी मारली, फळ घेतलं. काही झालं नाही. मी जांभळा ससाच राहिलो.

"अगं, माझा हत्ती का होत नाही?"

नात थोडी गोंधळली. "नॅबिटचा नाही होत. त्याला मार लागत नाही ना, म्हणून त्याला हत्तीपण होता येत नाही."

दहा वर्षांच्या मुलीने एवढं सहज सांगितलं, पण मी बराच वेळ त्या जांभळ्या सशाकडे बघत बसलो. खेळ रचणाऱ्यांचा हिशेब चोख होता. ज्याला लागत नाही त्याला मिळतही नाही. गेलं दीड वर्ष घरात माझं नेमकं काय चाललं होतं, हे मला डॉक्टरांना, मुलाला, बायकोला सांगता आलं नव्हतं. ते जपानमध्ये बसलेल्या कुणीतरी आधीच खेळात घालून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "मला मारिओ दे."

"आबा, मरशील."

"मरू दे."

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं एकदम थांबलं. नातीने तडजोड सुचवली, "मग योशी घे. त्यालापण मार लागत नाही, आणि मला तुझ्या पाठीवर बसता येतं." ही लाच फार मोठी होती. स्टेंटनंतर तिचं माझ्या पाठीवर बसणं घरात बंद झालं होतं. पण योशीचाही हत्ती होत नाही, असं तिनेच प्रामाणिकपणे सांगून टाकलं. मी मारिओवर ठाम राहिलो.

आणि मेलो. पहिल्याच कासवाने मारलं, मग झाडाने मारलं, मग कुणीही न मारता खड्ड्यात गेलो. तीस वर्षांत अंगठ्याला उडी आठवत होती, पण डोळा आणि अंगठा यांच्यामधली टपाल व्यवस्था मंदावली होती. तिथे एक बोलकं फूल असतं, ते येता-जाता आपल्याला धीर देतं. पत्ते खेळताना मागे उभं राहून "छान, छान" म्हणणाऱ्या शेजाऱ्याचा तो जपानी अवतार. त्याला बऱ्याच भाषा येतात, मराठी येत नाही, म्हणून मी त्याला मराठीत उत्तर देत होतो.

पण मी पडल्यावर एक विलक्षण गोष्ट घडली. दोघं मिळून खेळताना एकाचा जीव गेला की तो भुतासारखा हवेत तरंगू लागतो आणि पाचापासून उलटे आकडे सुरू होतात. तेवढ्यात जोडीदाराला स्पर्श झाला तर तो पुन्हा जिवंत. पहिल्यांदा मी तरंगू लागलो तेव्हा नात मुक्कामाच्या झेंड्यापाशी पोचली होती. नुसती उडी मारून झेंडा धरायचा होता. ती "आबा, थांब, थांब, मी आले" असं ओरडत उलटी पळत आली, वाटेतली दोन कासवं ओलांडली आणि मला शिवली. दोन आकडे शिल्लक होते. मी जिला सात किल्ल्यांत शोधत होतो, ती राजकन्या पडदा डावीकडे ढकलत मला सोडवायला आली होती.

पुढचं फळ मी खाल्लं. माझा हत्ती झाला. मी सोंडेत पाणी भरलं आणि दिसेल त्या सुकल्या फुलावर शिंपडत सुटलो. घड्याळ नव्हतंच. नात म्हणाली, "आबा, पुढे चल की." मी म्हटलं, "थांब गं, हे एक राहिलंय."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही तिघं मंडईतून येत होतो. माझ्या हातात कांदे-बटाट्यांची पिशवी होती. चिरंजीवांचा हात नेहमीप्रमाणे पुढे आला, "बाबा, राहू द्या, मी घेतो."

"बाबा, आबाला नॅबिट करू नकोस," नात म्हणाली. "त्याला नाही आवडत."

चिरंजीवांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. ते स्वतः त्या डोंबिवलीच्या कॅसेटवर वाढलेले; त्यांना जास्त समजावावं लागलं नाही. हात मागे गेला. पिशवी तीन किलोंची होती. जिन्यावर मी एकदा थांबून हात बदलला, तेव्हा ते मुद्दाम बुटाची नाडी बांधत बसले. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती.

त्यानंतर आठवड्याभराने मी एकटाच बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेलो. काउंटरवरची मुलगी नवीन होती, चेहऱ्यावरून काकुळतीला आलेली. तिने फॉर्म पुढे सरकवला आणि न बघताच विचारलं, "काका, हयात आहात ना?"

मी जरा आठवून म्हणालो, "हो, सध्या सतरा शिल्लक आहेत."